पायाकडची दोरी

पेपर दारात पडल्याचा आवाज झाला तेव्हा बेथिया ओटची लापशी ढवळत होती. तिनं गॅस बारीक केला आणि उभ्या उभ्याच मधलं पान काढलं. वडील असते तर त्यांनीही हेच पान आधी काढलं असतं. रोज सकाळी चष्मा नाकावर चढवून ते मरणाचं पान वरपासून खालपर्यंत वाचायचे, आणि घडी घालताना म्हणायचे, "आज आपण नाही बुवा." आज ते होते.

'मेअर. अबर्डीन येथे, जॉर्ज मेअर, निवृत्त मच्छीमार, मूळ पोर्टगार्वी. कै. मार्गारेट यांचे पती, लाडके वडील व आजोबा. प्रार्थना गुरुवारी दुपारी पोर्टगार्वीच्या चर्चमध्ये, दफन तिथेच. सर्व स्नेह्यांना सादर निमंत्रण.'

तिनं ते वाचलं. परत वाचलं. दात पडलेल्या जागी जीभ जावी तशी तिची नजर नावाच्या पुढच्या मोकळ्या जागेवर जाऊन थांबत होती.

"गिब," तिनं हाक मारली, "बिस्किट कुठं गेलं?"

"डब्यात असेल," न्हाणीघरातून आवाज आला.

"खायचं नव्हे. बाबांचं."

तिचा भाऊ गिल्बर्ट गालाला साबण तसाच ठेवून स्वयंपाकघरात आला. कॅनडातून येऊन त्याला तीन-चार दिवस झाले होते, पण अंगावर अजून पाहुण्याचा कडकपणा होता. त्यानं पेपर हातात घेतला, वाचला आणि समाधानानं मान हलवली.

"नीट आलंय की."

"नीट? बिस्किट नाही त्यात."

"पेपरवाल्या बाईनं विचारलं होतं. नावापुढं अवतरणात काही घालायचं का म्हणून. मी म्हटलं, नको, एवढंच पुरे." तो क्षणभर थांबला. "बेथ, माणूस गेलाय. त्याच्या नावापुढं खाऊ कशाला?"

बेथियाचा नवरा डंकन टेबलाशी बसून अंडं फोडत होता. तो एल्गिनचा, बंदराशी त्याचं सोयरसुतक नव्हतं. मेअरांच्या भांडणात पडायचं नाही हा धडा तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता. त्यानं अंड्याकडं पाहिलं आणि चमचा अलगद आत घातला.

पोर्टगार्वीत आडनावं चारच होती, आणि त्यातलं मेअर अर्ध्याहून जास्त गावाचं. धक्क्यावर उभं राहून कोणी 'मेअर' अशी हाक मारली असती तर सगळ्या बोटींवरच्या माना वळल्या असत्या. हवा सगळ्यांनाच असते म्हणून तिचं नाव कोणी काढत नाही, तसं या आडनावाचं झालं होतं. माणूस ओळखायचा तो टोपणनावानं. जॉर्ज मेअर किंग, जॉर्ज मेअर डोझी, जॉर्ज मेअर लाँग. पोस्टमन तेच बघायचा, डॉक्टर तेच लिहायचा, मतदारयादीत तेच छापलेलं असायचं. बापाचं टोपणनाव मुलाला, मुलाचं नातवाला, आणि शेवटी ते दगडावर. पेपरात मरणाची बातमी देतानाही ते हवंच. ज्याच्या बातमीत टोपणनाव नाही, तो गावचा नाही, इतकं ते साधं होतं.

गिबला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या वर्गात गिल्बर्ट मेअर तिघं होते, आणि मास्तर हजेरीला "गिल्बर्ट मेअर बिस्किट" म्हणाले की मागच्या बाकावरून कोणीतरी चावल्याचा आवाज काढायचं. एकोणिसाव्या वर्षी तो ओंटारियोला गेला तेव्हा बोट, वास, बाप आणि बिस्किट हे सगळं त्यानं मागं टाकलं. तिथल्या शहरात तो एकटाच मेअर होता. टेलिफोनच्या पुस्तकात एकच ओळ. जे आडनाव गावात कोणी ऐकूनही घेत नव्हतं, त्याला तिथं एकदम वजन आलं. तो शाळेत इतिहास शिकवायचा, आणि फावल्या वेळात त्यानं मेअर लोकांची एक मंडळीच काढली. आता तो तिचा अध्यक्ष होता.

"तुला ठाऊक आहे का, आपलं आडनाव किती जुनं आहे?" तो खुर्ची ओढून बसला. साबण वाळत चालला होता. "गेलिक भाषेत 'मेओर' म्हणतात, त्यावरून आलंय. म्हणजे अंमलदार, राजाचा माणूस. कचेरीचं बोलावणं घेऊन घरोघर फिरायचं, ज्याला बोलावलं त्याच्यापर्यंत ते पोचवायचं, हे त्याचं काम. त्याशिवाय कोर्ट भरायचं नाही. मी एक नकाशा केलाय. आपल्या या किनाऱ्यावर टाचण्यांची इतकी गर्दी की नकाशा दिसत नाही. मग दक्षिणेकडं एअरशरमध्ये थोडे. मग एकदम समुद्रापलीकडं, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. एक एक टाचणी. इतक्या लांब पोचलेलं नाव, बेथ, आणि आपण त्याच्यापुढं बिस्किट लिहायचं?"

"म्हणजे तुमचे पूर्वज लोकांना बोलावून आणायचे," डंकन म्हणाला. "बघू उद्या किती येतात."

बेथियानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. डंकन परत अंड्याकडं वळला.

तिला गावाची फिकीर नव्हती. गाव आलं असतं, नसतं, तिनं काही मनाला लावून घेतलं नसतं. तिला फिकीर होती ती एकाच माणसाची.

वॉटीकाका बकीला राहत होते, पोर्टगार्वीपासून बसनं थोडंसंच. बाबांचा धाकटा भाऊ. दोघांची मिळून एक बोट होती, 'स्टेडफास्ट'. वॉटीकाकांना मूल नव्हतं. बोट पुढं गिब चालवणार हे दोघांनी गिब पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. गिब निघून गेला त्या हिवाळ्यात बाबांचं समुद्रावरचं मनच उडालं, आणि भावाला न विचारता त्यांनी आपला अर्धा हिस्सा फ्रेझरबराच्या एका परक्या माणसाला विकला. परक्याबरोबर वॉटीकाकांचं एक वर्षसुद्धा निभलं नाही. बोट गेली. ज्या दिवशी ती बंदराबाहेर ओढून नेली त्या दिवशी वॉटीकाका धक्क्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "जॉर्डी, तुझी पेटी थडग्यात उतरवताना दोरी धरायला येईन. त्याआधी तुझं तोंड बघणार नाही."

तीस वर्षं दोघांनीही तो शब्द पाळला होता. बाबांना त्यातला पहिला अर्धा भागच लक्षात राहिला होता. आजारपणात ते सारखं तेच म्हणायचे. "डोक्याकडची दोरी गिबला. पायाकडची वॉटीला. तो येईल. वॉटी शब्दाचा पक्का." मी फोन करू का, असं बेथियानं विचारलं की ते उशीवर मान फिरवायचे. "अजिबात नको. तो रोज पेपर वाचतो. वाचेल, आणि येईल. बोलावल्यावर आला तर तो आला असं होत नाही, पोरी."

म्हणून तिनं फोन केला नव्हता. आणि आता पेपरात जो जॉर्ज मेअर होता तो कोणीही होता.

"उद्याच्या पेपरात दुरुस्ती देता येईल?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी छापून येईल आणि उद्याच दुपारी दफन. हसं होईल. अगं, गावात बातमी लपून राहते का? वॉटीकाकांना कळेल. नाव आहे, गाव आहे, आईचं नाव आहे. आणखी काय हवं?"

बेथिया फोनपाशी गेली. तिनं तो उचललाही. मग बाबांचं उशीवर फिरलेलं डोकं तिला आठवलं, आणि असंही वाटलं की आठ वर्षं अबर्डीनच्या या घरातली प्रत्येक गोष्ट आपणच ठरवली आहे, औषधं, डॉक्टर, कोणत्या कुशीवर झोपवायचं इथपर्यंत. एक गोष्ट गिबनं केली आहे, तीही आपण खोडून काढायची का? तिनं फोन खाली ठेवला. गिबची चूक सगळ्यांना दिसली. ही चूक तिची एकटीची, आणि ती कोणालाच दिसली नाही.

गुरुवारी गाडी गावात शिरली तेव्हा वारा समुद्रावरून आडवा येत होता. धक्क्यावर जाळी विणत बसलेली माणसं उठून उभी राहिली आणि त्यांनी टोप्या काढल्या. काळी गाडी जाताना टोपी काढायची, आत कोणी का असेना. गाडी पुढं गेल्यावर टोप्या परत डोक्यावर बसल्या आणि माणसं जाळ्यापाशी बसली. त्यातले निम्मे बाबांच्या हाताखाली बोटीवर शिकलेले होते. बेथियाला काच खाली करून ओरडावंसं वाटलं, पण प्रेताच्या मागच्या गाडीतून कोणी ओरडत नाही.

चर्च रिकामं होतं. पहिल्या बाकावर ती, डंकन, गिब आणि तिची दोन मुलं. मागं चर्चची देखभाल करणारा म्हातारा आणि हॉटेलमधून चहाची व्यवस्था विचारायला आलेली एक बाई. पाद्री तरुण, ग्लासगोकडचा, गावात येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं. त्यानं बाबांना "आपले बंधू जॉर्ज मेअर" असं म्हटलं आणि त्यांच्याविषयी जे जे बोलला ते गावातल्या कुठल्याही जॉर्ज मेअरला चाललं असतं. भजनाला आवाज लागेना. ऑर्गन एकटाच गात राहिला.

गिबची नजर सारखी दाराकडं जात होती. पहिल्या भजनात ती रागाची होती. शेवटच्या प्रार्थनेत ती घाबरलेली होती.

थडग्यापाशी, दफनाची व्यवस्था बघणाऱ्या पेटीवाल्या मन्रोनं कार्डं वाटायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डावर पेटीचं छोटं चित्र आणि दोरीचा आकडा. पहिली दोरी डोक्याकडची, ती गिबला. दुसरी पायाकडची. बाकीच्या बाजूच्या. डंकन, दोन्ही मुलं, चर्चचा म्हातारा, मन्रोचा मदतनीस. माणसं संपली. मन्रोच्या हातात दोन कार्डं राहिली, एक बाजूचं आणि एक दुसऱ्या आकड्याचं, आणि ती कोणाला द्यायची म्हणून तो सगळ्यांच्या तोंडाकडं पाहू लागला.

तेवढ्यात फाटक वाजलं. बेथिया झटकन वळली. पण आत आला तो घरच्या सपाता घातलेला एक थोराड म्हातारा. जॉर्ज मेअर किंग. त्यानं टोपी काढली आणि थोडं अंतर ठेवून उभा राहिला.

"माफ करा हं," तो मन्रोला म्हणाला. "माझं नाव घेऊन कोण गेलं ते बघायला आलोय. कालपासून माझ्या दारात बाया सूप घेऊन उभ्या राहतायत. मी दार उघडलं की एक किंकाळी, मग सूप खाली ठेवून पळ. आम्ही मोजून बघितलं. डोझी शेगडीशी बसलाय, लाँग दारूच्या दुकानात आहे. गावचे सगळे जॉर्ज जागेवर. म्हटलं, टोपणनाव नाही त्या अर्थी असेल कोणी शहरातला. तरी म्हटलं, एकाच नावाचे आपण, टोपी तरी काढून यावी."

मग त्याला बेथिया दिसली.

"बेथिया?" त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग गिबकडं, मग पेटीकडं. "अरे देवा. हा जॉर्डी बिस्किट आहे?"

बेथियानं होकारार्थी मान हलवली.

"जॉर्डी बिस्किट," तो स्वतःशीच म्हणाला. "अगं, अख्खं गाव आलं असतं. बोटी बांधून ठेवल्या असत्या. कोणी लिहिली ही बातमी?"

"मी," गिब म्हणाला.

किंगनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू गिब ना? कॅनडाचा. शाळामास्तर." एवढंच बोलून त्यानं पुढचं गिळलं. ते ऐकवलं असतं तर गिबला बरं वाटलं असतं.

"वॉटीकाकांना कळलंय का?" बेथियानं विचारलं.

"मला आत्ता कळतंय, पोरी. वॉटीला कसं कळणार?"

पाद्र्याच्या घरी फोन होता. किंग सपाता फटाफट वाजवत तिकडं गेला. सगळे वाऱ्यात उभे राहिले. बऱ्याच वेळानं तो परत आला आणि लांबूनच त्यानं मान हलवली. घरी कोणी उचलत नाही. दुपारी वॉटी बंदराच्या टोकाला जाऊन बसतो, जेवायच्या वेळेपर्यंत परतत नाही. शेजारणीला निरोप ठेवलाय, ती आपल्या मुलाला तिकडं पळवतेय.

"थांबू या," गिब म्हणाला.

थांबले. नोव्हेंबरचा उजेड तो. समुद्र आधी करडा झाला, मग शिशासारखा. खड्डा खणणारे दोघं भिंतीच्या आडोशाला सिगारेटी ओढत होते. पाद्र्याचे ओठ निळे पडले होते, आणि ते दिसू नयेत म्हणून त्यानं पुस्तक तोंडापुढं धरलं होतं. शेवटी मन्रो बेथियाजवळ आला.

"बाई, अंधारात पेटी सोडणं बरोबर नाही. कोणाचा तरी पाय घसरेल."

"अजून थोडं थांबू या," गिब म्हणाला. "बस येईल. एक बस असेल ना आत्ता?"

"किती थांबवणार, गिब? बाबांना काय, ते तीस वर्षं थांबलेत," बेथिया म्हणाली. ती पुढं झाली आणि मन्रोच्या हातातून दुसऱ्या आकड्याचं कार्ड घेतलं.

किंगनं घसा खाकरला. त्याच्या तरुणपणी बायका थडग्यापर्यंतही येत नसत; पडदे ओढून घरात बसत. "बेथिया, पायाकडची मी धरतो. बायकांनी दोरी धरायची नसते गं."

"तुम्ही बाजूची धरा, जॉर्ज. ही वॉटीकाकांची आहे." तिनं हातमोजे काढून खिशात टाकले. "आठ वर्षं त्यांना धरून उठवलं, धरून बसवलं. आता सोडायचंही मीच बघते."

मन्रोनं खूण केली. दोऱ्या ताणल्या गेल्या. तिच्या समोर, पेटीच्या त्या टोकाला, गिब होता. तो रडत होता आणि डोळे पुसायला त्याला हात मोकळा नव्हता. तीस वर्षांत भावाला इतकं जवळून आपण पाहिलंच नव्हतं, असं तिला वाटलं. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्हींपैकी काहीच कमी होईना. दोरी हातातून सरकत सरकत सैल झाली. मन्रोनं मान हलवली, आणि सगळ्यांनी दोऱ्यांची टोकं आत सोडून दिली.

हॉटेलात सगळ्या गावाला पुरेल अशी टेबलं मांडली होती. मांसाचे पॅटिस, हॅमचे सँडविच, केक, आणि वाफेनं घामेजलेल्या चहाच्या किटल्या. हॉटेलवाल्या बाईनं दारात डोकावून विचारलं, "बाकीचे मागून येतायत ना?"

गिब कोट न काढता बसला. "शाळेत मी बिस्किट होतो, बेथ," तो म्हणाला. "तुला काय ठाऊक? मुलींना कोणी चिडवत नव्हतं. मला वाटलं, निदान जाताना तरी त्यांना त्यातून सोडवावं."

"त्यांना अडकल्यासारखं कधी वाटलं होतं? तुला वाटायचं."

"हो. मला वाटायचं." त्यानं समोरची बशी सरकवली. "मी एवढा नकाशा केला. कुठल्या देशात किती मेअर आहेत ते मला झोपेत विचार. आणि एका म्हाताऱ्याला बकीहून इथपर्यंत आणता आलं नाही."

डंकननं त्याच्या कपात चहा ओतला आणि साखर घातली. तो साखर घेत नाही हे डंकनला ठाऊक होतं. गिबनं तो निमूट प्याला.

मग माणसं येऊ लागली. किंगनं गावभर केलं असावं. धक्क्यावरची माणसं कामाच्या कपड्यांत, बायका ॲप्रनवर कोट चढवून. बेथियाचा हात हातात घेऊन प्रत्येकजण तेच बोलत होता. आम्हाला कळलंच नाही गं. गाडी आमच्यासमोरून गेली, टोपी काढली, पण कळलंच नाही. जॉर्डी बिस्किट गेला आणि आम्ही जाळी विणत बसलो. जो येई तो 'बिस्किट' म्हणे, आणि ज्याच्या तोंडून तो शब्द निघे त्याचा आवाज तिथं येऊन हळवा होई. गिब दाराशी उभा राहून प्रत्येकाचे आभार मानत होता आणि प्रत्येक वेळी खाली बघत होता. कोणी त्याला दोष दिला नाही. पोर्टगार्वीची माणसं पाहुण्याला दोष देत नाहीत.

डोझीची सून बेथियाच्या कानाशी लागली. "वॉटी बसमधून उतरला. इकडं नाही आला. सरळ वर दफनभूमीत गेला."

ती आणि गिब चढण चढून वर पोचली तेव्हा कडेला थोडासाच उजेड उरला होता. खड्डा भरून झाला होता. वर हिरव्या गवताची चटई अंथरून चार फुलं ठेवली होती. वॉटीकाका पायाच्या बाजूला उभे होते. काळा सूट घातला होता, टायही नीट बांधला होता. म्हणजे शेजारणीचा मुलगा पळत आल्यावरही ते आधी घरी जाऊन कपडे करून आले होते. दोरी धरायला माणूस तयार होऊन येतो.

"काका," बेथिया म्हणाली.

त्यांनी मान वळवली नाही. "कोणी धरली माझी?"

"मी."

"हं." मग त्यांनी विचारलं, "जड होता?"

"नाही काका. हलके झाले होते फार."

"जॉर्डी? बंदरात सगळ्यात दांडगा होता तो." ते मातीकडं पाहत राहिले. मग त्यांनी गिबकडं पाहिलं, आणि तो कोण हे ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही. "काल वाचलं मी. चहा पिताना वाचलं. भिंग घेऊन परत वाचलं. म्हटलं, बिचारा कोण हा जॉर्ज मेअर, ज्याच्या घरच्यांना त्याचं नावसुद्धा ठाऊक नाही."

गिब एक पाऊल पुढं आला. वारा त्याच्या कोटाची टोकं उडवत होता.

"काका, चूक माझी आहे," तो शेवटी म्हणाला. "बोटीचीही माझीच होती. मी गेलो नसतो तर बोट राहिली असती, आणि तुम्ही दोघं..."

"बोट लाकडाची होती. लाकूड कुजतंच." वॉटीकाकांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं बेथियाला वाटलं. रागाला उत्तर देता येतं. "मी म्हटलं होतं ना, मेल्यावर येईन म्हणून. मूर्खासारखं बोललो होतो. तेही जमलं नाही."

बेथियानं त्यांच्या दंडाला धरलं. तो दंड बाबांच्या दंडाइतकाच बारीक झाला होता.

"दगडावर मी घालीन," गिब म्हणाला. "जॉर्ज मेअर बिस्किट. मोठ्या अक्षरांत." मग त्यानं थोडं घाबरतच विचारलं, "काका, हे नाव आपल्याला पडलं कसं? मला कधी कोणी सांगितलं नाही. मी विचारलंच नाही कधी."

वॉटीकाकांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. हसू आलं असतं, पण आलं नाही.

"ती गोष्ट एकट्यानं सांगायची नसते," ते म्हणाले. "आमचा बाप गेल्यापासून आम्ही दोघं मिळून सांगायचो. नाताळात, बोटीवर, लग्नाकार्यात. अर्धी तो सांगायचा, अर्धी मी. शेवट त्याच्याकडं होता. तो काय सांगायचा ते मी कधी नीट ऐकलंच नाही. लोक हसायला लागायचे आणि मीही हसायचो. तीस वर्षं झाली त्याला. माझ्याकडं अर्धीच आहे."

"मग अर्धीच सांगा."

वॉटीकाकांनी त्याच्याकडं पाहिलं. "तुझं विमान कधी?"

"परवा."

"हं." त्यांनी टोपी घातली. "मग तू तिकडं मेअरचंच सांग लोकांना."

ते चढण उतरू लागले. माती ओली होती आणि त्यांचे बूट नवे होते, म्हणून बेथियानं त्यांचा दंड सोडला नाही. फाटकापाशी तिनं एकदा मागं वळून पाहिलं. गिब अजून पायाच्या बाजूलाच उभा होता, जिथं वॉटीकाका उभे होते तिथं, आणि त्याचे दोन्ही हात दोरी धरल्यासारखे पुढं आले होते. तिला त्याला हाक मारता आली असती. वॉटीकाकांची बस सुटायला थोडाच वेळ उरला होता, म्हणून ती त्यांच्याबरोबर खाली गेली.